केमो चालू असताना मध, प्रोपोलिस, रॉयल जेली: काय घ्यावं, कसं घ्यावं, काय बाजूला ठेवावं

केमो सुरू होणार हे कळलं की घरात बाटल्या जमायला लागतात. कुणी मध आणतं, कुणी रॉयल जेलीच्या कॅप्सूल, कुणी परागकणांची बरणी. आणि मधमाश्यांचे डंख घेऊन ठणठणीत झालेला एखादा माणूस कुणाच्या तरी ओळखीत असतोच. आणणाऱ्याची माया खरी असते, त्यामुळे नको म्हणणंही जड जातं. ज्यांची केमोची पहिली सायकल, म्हणजे फेरी, नुकतीच झाली आहे किंवा व्हायची आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर धावपळ करणाऱ्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मधमाश्यांकडून मिळणाऱ्या सगळ्या वस्तूंमध्ये केमोच्या रुग्णाने गंभीरपणे विचार करावा अशी एकच आहे, ती म्हणजे मध. तोही मुख्यतः तोंड येतं त्यासाठी, आणि रक्ताचा रिपोर्ट बघूनच. बाकीच्या बाटल्यांवर आशा पुष्कळ छापलेली असते, पुरावा फार थोडा असतो. कॅन्सरवरचं औषध तर यातलं एकही नाही.

पायरी १: नेमका त्रास कोणता, ते आधी ठरवा

मळमळ, उलट्या, केस गळणं, थकवा, हातापायांना मुंग्या, जुलाब, तोंड येणं, काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) खाली जाणं. या प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. एका चमच्यात हे सगळं आवरेल असं ज्या लेबलावर लिहिलंय, ती बाटली मी तिथेच खाली ठेवीन.

मळमळीवर मधाचा भरवसा धरू नका. त्यासाठी ऑनडॅनसेट्रॉनसारखी चांगली औषधं आहेत आणि ती उलटी होण्याची वाट न बघता सांगितलेल्या वेळी घ्यायची असतात. उलट पोट ढवळत असताना गोड, घट्ट पदार्थाचा नुसता वासही नकोसा होतो. केस गळणं पोळ्यातल्या कुठल्याच वस्तूने थांबत नाही. हातापायांच्या मुंग्या वाढत असतील तर घरगुती उपाय शोधत बसू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर ते डोस बदलू शकतात आणि ते वेळेवर होणं महत्त्वाचं असतं.

राहिलं तोंड. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात आणि तोंडाच्या आतलं अस्तर अशाच पेशींचं बनलेलं असतं. जुन्या पेशी झडतात, नव्या वेळेवर येत नाहीत, अस्तर पातळ होतं आणि फाटतं. ५-फ्लुरोयुरॅसिल, मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, मेल्फलान या औषधांनी हे जास्त होतं. सुरुवात साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी होते. पहिल्यांदा गालाच्या आतली बाजू आणि जिभेच्या कडा लाल, गुळगुळीत दिसतात, तिखट सोडाच, साधा कोमट घासही झोंबतो. मग पांढरट कडांचे चट्टे पडतात. बहुतेकांचं तोंड दोन ते तीन आठवड्यांत भरून येतं, तोवर पुढची सायकल दारात उभी असते.

डॉक्टर याची ग्रेड सांगतात, ती समजून घ्या. पहिल्या ग्रेडमध्ये लाली आणि दुखरेपणा असतो. दुसऱ्यात फोड असतात, पण घन अन्न खाता येतं. तिसऱ्यात फक्त पातळ पदार्थ जातात. चौथ्यात तोंडाने काहीच घेता येत नाही. मधाचा घरी विचार करायचा तो पहिल्या दोन ग्रेडपर्यंत. तिसरीला पोहोचलात तर तो विषय हॉस्पिटलचा.

पायरी २: चमचा उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा

"मध चालेल का?" असं मोघम विचारलं की घाईच्या ओपीडीत "हो, थोडा चालेल" असं मोघमच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा. माझ्या पांढऱ्या पेशी सध्या किती आहेत आणि कोणत्या दिवसांत सगळ्यात खाली जातील? मला मधुमेह आहे किंवा केमोबरोबर डेक्सामेथासोन (शुगर चढवणारं स्टेरॉइड) दिलं जातंय, तर रोज इतकी साखर झेपेल का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तिच्याशी याचं जमतं का? कॅन्सर हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा, असेल तर रॉयल जेलीबद्दल वेगळं विचारा.

पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान काउंट तळाला जातात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेले की साधा जंतूही भारी पडतो. तोंड याच दिवसांत सगळ्यात वाईट असतं. म्हणजे मधाची गरज आणि मधाचा धोका एकाच आठवड्यात येतात. ही अडचण डोळ्याआड करून मधाचे गोडवे गाणारे सल्ले वाचले की मला राग येतो.

अ‍ॅलर्जीचा इतिहास स्वतःहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका. दमा, परागकणांनी येणाऱ्या शिंका, मधमाशी चावल्यावर अंगभर उठलेल्या गांधी, यातलं काहीही कधी झालं असेल तर ते फाइलवर लिहून घेतलं गेलं पाहिजे. अशा माणसाने प्रोपोलिस (पोळ्यातला चिकट डिंक), पराग आणि रॉयल जेलीच्या वाटेला जाऊच नये.

पायरी ३: मध कुठला?

"कच्चा, न गाळलेला, थेट पोळ्यातला" हे शब्द एरवी कौतुकाचे, केमोत धोक्याचे. मध नासत नाही याचा अर्थ तो निर्जंतुक असतो असा नाही. त्यात पाणी फक्त १७-१८ टक्के आणि साखर ८० टक्क्यांच्या आसपास, शिवाय तो आंबट, पीएच साधारण ४. अशा ठिकाणी जिवाणू वाढत नाहीत, पण त्यांचे बीजाणू झोपी गेल्यासारखे टिकून राहतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम त्यातलाच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, असं सांगतात ते याच जंतूमुळे.

पाश्चराइज केलेल्या मधात यीस्ट आणि बरेचसे जंतू मरतात, बीजाणू मात्र त्या तापमानाला दाद देत नाहीत. ते नष्ट करण्यासाठी गॅमा किरणांचा मारा करावा लागतो आणि वैद्यकीय वापराचा मध तसाच तयार करतात. त्याच्या ट्यूब मिळतात, पण त्यांतल्या बहुतेक बाहेरच्या जखमेवर लावायच्या असतात. तोंडात वापरायची म्हणून ती ट्यूब आणत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात, काउंट ठीक असतील आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर पाश्चराइज केलेला, सीलबंद मध घ्या. काउंट तळाला असताना मध बंद. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेलं असेल तर टीमने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय कुठलाच मध नको, मेणासकट चावून खायचा पोळ्याचा तुकडा तर नाहीच.

न्यूझीलंडचा महागडा मानुका मधच हवा का? नाही. ब्रिटनमध्ये डोक्या-मानेच्या रेडिएशनच्या रुग्णांना एका गटात मानुका आणि दुसऱ्यात साखरेपासून बनवलेलं घट्ट सोनेरी सिरप देऊन बघितलं गेलं. २०१२ मध्ये त्याचे निकाल आले, तोंड येण्यात दोन गटांत फरक पडला नव्हता. पैसे जपून ठेवा, केमोत ते लागणारच आहेत.

आणि हो, पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून मधाची शुद्धता कळते हा समज सोडून द्या. भेसळ ओळखायला प्रयोगशाळा लागते. घट्ट होऊन दाणेदार झालेला मधही खराब झालेला नसतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो सैल होतो.

पायरी ४: तोंडासाठी मध वापरण्याची पद्धत

आधी पाया पक्का करा. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा हलक्या हाताने. एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा. अल्कोहोल असलेला माउथवॉश बाद. ५-फ्लुरोयुरॅसिलचं इंजेक्शन एका झटक्यात दिलं जात असेल तर त्या वेळी अर्धा तास तोंडात बर्फ धरण्याचा सल्ला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. मात्र ऑक्सॅलिप्लॅटिनही चालू असेल तर बर्फाला हात लावू नका, त्या औषधाने गार वस्तू घशाला सहन होत नाहीत. मध या सगळ्याच्या जोडीला घ्यायचा, याच्या बदल्यात नाही.

प्रत्यक्ष पद्धत अशी. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, म्हणजे अन्नाचे कण निघून जातील. कोरडा, स्वच्छ चमचा घ्या आणि बरणीत उष्टा चमचा कधीच घालू नका. पहिल्या दिवशी फक्त अर्धा चहाचा चमचा मध जिभेवर घ्या आणि थांबा. ओठ सुजणं, घसा खाजणं, अंगावर पित्त उठणं यातलं काहीही झालं तर तिथेच संपलं. काही झालं नाही तर दुसऱ्या दिवसापासून एक चमचा.

मध गिळायची घाई करू नका. तो आधी जिभेखाली, मग एका गालाच्या आत, मग दुसऱ्या गालाच्या आत आणि शेवटी खालच्या ओठामागे असा सावकाश फिरवा. फोड बहुतेक याच जागी असतात. मिनिट-दोन मिनिटं झाली की थोडा थोडा गिळा, म्हणजे घशालाही लागतो. झोंबलं तर कोमट पाण्यात पातळ करून घ्या. त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका, मग साध्या पाण्याने चूळ. दिवसातून तीन वेळा पुरे.

रात्री ब्रश करून, मग मध घेऊन झोपणारे बरेच असतात. केमोत तोंड कोरडं पडतं आणि दातांना वाचवणारी लाळ कमी असते. अशा तोंडात रात्रभर साखर आणि आम्ल राहिलं की दात किडतात. शेवटचा चमचा झोपण्याच्या तासभर आधी, आणि ब्रश त्याच्यानंतर.

आता याला आधार काय, तेही बघू. मलेशियात २००३ मध्ये ४० रुग्णांवर एक अभ्यास झाला. डोक्या-मानेच्या रेडिएशनच्या १५ मिनिटं आधी, १५ मिनिटं नंतर आणि ६ तासांनी २० मिलिलिटर मध दिला. तीव्र स्वरूपात तोंड येण्याचं प्रमाण मध घेणाऱ्यांत २० टक्के होतं आणि न घेणाऱ्यांत ७५ टक्के. ऐकायला झकास वाटतं, पण रुग्ण फक्त ४० आणि उपचार रेडिएशनचा. केमोशी थेट संबंध असलेला एक अभ्यास इजिप्तमध्ये झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्ताचा कॅन्सर असलेली ९० मुलं तीन गटांत होती: एका गटाला मध, दुसऱ्याला मध, मेण आणि ऑलिव्ह तेलातला प्रोपोलिसचा अर्क यांचं मिश्रण, तिसऱ्याला नेहमीचा भूल देणारा लेप. एकंदरीत नुसता मध लावलेल्या मुलांचं तोंड सगळ्यात लवकर भरून आलं. चार वस्तूंचं मिश्रण साध्या मधापुढे फिकं पडलं, हे "पोळ्यातलं सर्व काही एका बाटलीत" असं विकणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

२०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मधाला जागा मिळाली आहे, पण ती डोक्या-मानेच्या रेडिएशनच्या रुग्णांसाठी आणि "शिफारस" या वरच्या पातळीवर नाही, "सुचवतो" या खालच्या पातळीवर. नुसती केमो घेणाऱ्याने मधाकडे त्याच नजरेने बघावं: झाला तर फायदा, पण त्यावर विसंबायचं नाही.

साखरेचा हिशोबही करून ठेवा. २० मिलिलिटर मध म्हणजे साधारण २८ ग्रॅम, त्यात २३ ग्रॅम साखर. तीनदा घेतला की दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास साखर आणि २६० कॅलरी. ज्यांचं वजन उतरतंय त्यांना त्या कॅलरी उपयोगी पडतील, पण ज्यांची शुगर डेक्सामेथासोनमुळे आधीच चढली आहे त्यांना हा आकडा परवडणार नाही. म्हणूनच वर एक चमचा लिहिला आहे, २० मिलिलिटर नाही.

पायरी ५: बाकीच्या बाटल्या

प्रोपोलिस म्हणजे झाडांच्या कळ्यांवरचा चीक मधमाश्या गोळा करून पोळ्याच्या फटी बुजवायला वापरतात तो. त्याच्या माउथवॉशचे काही छोटे अभ्यास आहेत आणि निकाल बरे आहेत, पण मार्गदर्शक सूचनांत सल्ला देण्याइतका तो पुरावा भरला नाही. बाजारात मिळतो तो बहुतेक अल्कोहोलमधला अर्क. तो फुटलेल्या तोंडात टाकला की डोळ्यांत पाणी येईल. त्वचेवर आणि ओठांवर अ‍ॅलर्जी उठवण्यातही प्रोपोलिसचा नंबर वरचा आहे. माझा सल्ला: केमो संपेपर्यंत नको.

रॉयल जेली कामकरी माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींमधून पाझरते आणि राणीमाशीला आयुष्यभर हेच खाऊ घालतात. थकव्यासाठी हिचं नाव घेतलं जातं. इराणमध्ये ५२ रुग्णांना चार आठवडे, दिवसातून दोनदा, ५ मिलिलिटर देऊन पाहिलं. एका गटाला रॉयल जेली घातलेला प्रक्रिया केलेला मध, दुसऱ्याला साधा मध. पहिल्या गटाचा थकवा जास्त कमी झाला, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ५२ माणसांचा एकच अभ्यास हा काही निवाडा नव्हे आणि दुकानातली कॅप्सूल म्हणजे ते मिश्रण नव्हे. दुसऱ्या पारड्यात काय आहे बघा: दम्याच्या रुग्णांमध्ये जीवघेण्या अ‍ॅलर्जीच्या नोंदी, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर घेतल्यावर रक्तस्राव झाल्याची नोंद, आणि प्रयोगशाळेत दिसलेला इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखा सौम्य परिणाम. स्तनाच्या हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये हा शेवटचा मुद्दा मी हलक्यात घेणार नाही. थकव्यावर रोजचं थोडं चालणं कितीतरी जास्त तपासलेलं आहे आणि फुकट आहे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तेवढं आधी तपासून घ्या.

परागकण: केमोत काही उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही, बुरशी आणि अ‍ॅलर्जीचा धोका आहे. बरणी परत करा.

"काउंट वाढवणारा" खास मधही विकला जातो. त्यामागे इस्रायलमधला २००६ चा एक छोटा अभ्यास आहे. ३० रुग्णांना रोज ५ ग्रॅम, ५ दिवस मध दिला, आणि त्यातल्या ४० टक्के जणांचे काउंट पुन्हा तितके खाली गेले नाहीत. पण तुलनेसाठी मध न घेणारा गटच नव्हता, मग श्रेय मधाचं की नशिबाचं हे कळणार कसं? काउंट वाढवायची इंजेक्शनं ठरली असतील तर मधाच्या भरवशावर त्यातलं एकही चुकवू नका.

मेणाचा लिप बाम मात्र बिनधास्त वापरा, सुकून फुटलेल्या ओठांना तो चांगला. फक्त घटकांच्या यादीत प्रोपोलिस किंवा मेंथॉल नाही ना, एवढं बघा. मेंथॉल फुटलेल्या ओठाला झोंबतं.

मधमाशीचं विष: नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात प्रयोगशाळेतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी मधमाशीच्या विषातल्या मेलिटिनने मेल्या, ती बातमी अजून फिरते आहे. काचेच्या भांड्यातल्या पेशी ब्लीचनेही मरतात. दुसरीकडे २०१८ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी ५५ वर्षांच्या एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. दोन वर्षं ती दर महिन्याला डंखांचा उपचार घेत होती, काही त्रास नव्हता. मग एका डंखाने शरीर कोसळलं आणि ती गेली. आधी सोसलं म्हणून पुढेही सोसेल, असं अ‍ॅलर्जीत नसतं.

पायरी ६: थांबायचं कधी आणि फोन कधी करायचा

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला की लगेच हॉस्पिटलला फोन, मग मध्यरात्र का असेना. सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही आणि विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलही घ्यायचं नाही. ताप उतरलेला दिसतो आणि आतलं इन्फेक्शन तसंच वाढत राहतं.

तोंडात दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले, खरवडल्यावर खाली लाल दिसलं, तर ती बहुधा बुरशी. मध बंद करा, त्यासाठी वेगळं औषध लागतं. पाणीही गिळता येईना, हिरड्यांतून रक्त थांबेना, जुलाब लागले, शुगर चढली, तरी मध बंद आणि फोन. श्वास अडकला किंवा चेहरा सुजला तर फोनही नंतर, आधी जवळचा आपत्कालीन विभाग गाठा.

फाइलच्या मागच्या पानावर एक साधा तक्ता आखून ठेवा: तारीख, सायकलचा दिवस, किती चमचे, तोंडाची ग्रेड, ताप. दुसऱ्या सायकलनंतर दोन्ही सायकलच्या नोंदी शेजारी ठेवल्या की मधाने काही फरक पडतोय का हे तुम्हाला आणि डॉक्टरांना कळेल. फरक दिसत नसेल तर सोडून द्या आणि डॉक्टरांना तोंडाच्या लेझर उपचाराबद्दल किंवा बधिर करणाऱ्या जेलबद्दल विचारा.

तोंड भरून आलं की तीन वेळचा मध थांबवा, सवय म्हणून चालू ठेवू नका. केमोचा कोर्स संपून काउंट सावरले की दातांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या आणि या महिन्यांत रोज मध घेत होतो हे त्यांना सांगा, म्हणजे ते कीड कुठे शोधायची ते नीट बघतील.